एप्रिलमध्ये दोघांनीच जपान : खरड छाटणी सांभाळून जमेल का?

रंगपेटी (सांगली) | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या ह्यांची तासगावकडं साडेचार एकर द्राक्षबाग आहे. येत्या एप्रिलमध्ये लग्नाला २५ वर्षं होतील. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिनं फर्मान काढलंय : "हॉल, जेवणावळ, शाल-श्रीफळ काही करायचं नाही. तुम्ही दोघं कधी कुठं गेला नाहीत, जाऊन या." आधी गेलो नाही असं नाही. पंढरपूर, गाणगापूर, एकदा गोवा. पण दरवेळी बरोबर किमान सात माणसं!

मला जपानला जायचंय, साकुरा, म्हणजे तिकडची चेरीची फुलं, बघायला. लहानपणी बाबांच्या दुकानात एक कॅलेंडर लागायचं, त्यात एप्रिलच्या पानावर लाकडी पूल आणि खाली पाण्यावर गुलाबी पाकळ्यांचा थर. ते पान मी अजून ठेवलंय.

अडचण एकच, पण दहा माणसांएवढी. ह्यांचं म्हणणं, "फुलं बघायला समुद्र ओलांडायचा? दारात बोगनवेल हाय की." शिवाय मार्चअखेर माल निघतो, मग बेदाण्याचं शेड, मग एप्रिलची खरड छाटणी (माल निघाल्यावर वेल पुन्हा फुटावा म्हणून करतात ती). आणि हे माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण? कोण जाऊन आलंय?

भडंगप्रेमी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३२

वहिनी, आधी अभिनंदन. भडंग किती किलो नेणार तेवढं सांगा, बाकी नंतर बोलू.

सज्जनगड_पायरी (सातारा) | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

टूरवाल्यांबरोबर आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. नाव घेत नाही. आठ दिवसांत सात हॉटेलं. रोज पहाटे बॅगा दाराबाहेर. फुलांच्या बागेत चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा ग्रुप फोटोत. आणि जेवण तीन वेळा भारतीय, म्हणजे टोकियोत बसून सातारच्या बायपासवरचं पनीर. सोय होते, नाही म्हणत नाही. पण मी जपान बघितलं असं म्हणायला जीभ वळत नाही. पॅकेजवर टीसीएस (टूरच्या पैशांबरोबरच घेतला जाणारा आयकर) कापतात, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो हे मात्र लक्षात ठेवा. आमचा एक वर्ष तसाच राहिला होता.

आयर्विनवाला (मूळ सांगली, सध्या योकोहामा) | ४ नोव्हेंबर, दुपारी १:४०

ताई, मी नऊ वर्षं इकडं आहे. आपलं आपण जा. इथं हरवणं अवघड आहे. स्टेशनला नंबर, फलाटावर डबा कुठं थांबणार त्याची खूण, पाट्या इंग्रजीत. चोरीची भीती नाही. भाषेचा प्रश्न फोन सोडवतो.

आधी तारखा ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे. टोकियो-क्योतोत फुलं साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. झाड फुलायला लागलं की आठवडाभरात पूर्ण बहर, आणि पुढच्या आठवड्यात वारा-पाऊस आला की खलास. आणि २९ एप्रिल ते ५ मे ह्या काळात फिरकू नका. त्याला इथं गोल्डन वीक म्हणतात. सगळा देश एकदम सुट्टीवर निघतो, आपल्याकडं गणपतीला कोकणची एसटी असते तसं.

रंगपेटी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मार्चअखेर तर शक्यच नाही हो. माल झाडावर असतो, व्यापारी दारात असतो, आणि अवकाळीची धास्ती असते ती वेगळीच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "१ एप्रिलला छाटणी धरली तर पुढं फुटी निघून विरळणीला येईपर्यंत दोन आठवडे धाकटा भाऊ बघेल. पाणी तर सोडायचंय." म्हणजे ९ ते २४ एप्रिल. हे "हो" आहे असं समजू नका, हे नुसतं गणित आहे.

पण मग आम्ही पोचेपर्यंत फुलं संपलेली असणार. मग काय उपयोग?

कासची_वाट (सातारा) | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ह्यावर मी बोलणार. मी कासच्या रस्त्यालगतच्या गावातली. दर सप्टेंबरला पुण्यामुंबईचे लोक महिनाभर आधी बुकिंग करून येतात, गाडीतून उतरतात आणि विचारतात, "फुलं कुठंयत?" अहो, पाऊस लांबला, ऊन पडलं नाही, तर तेरडा तरी काय करणार? येत्या शनिवारी ये म्हणायला तो काय पाहुणा आहे? पण त्याच दिवशी थोडं पुढं, तळ्याच्या अंगाला उतरलं की सोनकी पिवळीधमक असते. ती कुणी बघत नाही, कारण फोटोत जांभळं पठार बघून आलेले असतात.

जपानातही हेच असणार. एक गाव फुललं नाही तर दुसरं. तारीख बदलता येत नसेल तर गाव बदला, ताई.

आयर्विनवाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

कासच्या ताईंनी नेमकं सांगितलं. फुलांची ही लाट दक्षिणेकडून उत्तरेकडं आणि खालून डोंगरावर सरकत जाते. होक्काइदोत पोचायला एप्रिलचा शेवट किंवा मे उजाडतो. तुमच्या तारखांना तुम्ही लाटेच्या मागं नाही, फक्त ती वर गेलीय. तिच्या मागोमाग जायचं.

इथं हवामान खात्याची गावोगावी ठरलेली नमुन्याची झाडं असतात. टोकियोचं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की अधिकारी जाहीर करतो, साकुरा आली. टीव्हीचे कॅमेरे त्या एका झाडाभोवती उभे असतात, निवडणुकीचा निकाल असल्यासारखे. ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. क्योतोत ह्याच्या नोंदी बाराशे वर्षांपासूनच्या आहेत, आणि २०२१ मध्ये तिथं २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, त्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकर. तेव्हा "अमुक तारखेला नक्की" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

माझा आराखडा असा :

ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरा, तिथून क्योतो सव्वा तासावर. रस्त्याकडेची नेहमीची साकुरा तिथं संपलेली असेल, पण निन्नाजी देवळात उशिरा फुलणारी बुटकी झाडं आहेत, ओमुरो साकुरा, एप्रिलच्या मध्याला येणारी. फांद्या जमिनीपासूनच सुरू होतात, फुलं तुमच्या नाकासमोर. एक दिवस मोकळा ठेवा योशिनोसाठी. तो अख्खा डोंगर ३०,००० झाडांचा, पायथा, मध्य, वरचा आणि सगळ्यांत आतला असे चार टप्पे. खालचं संपतं तेव्हा वरचं फुलतं.

मग १४ आणि १५ एप्रिलला ताकायामा. डोंगरातलं जुनं गाव, तिथं वसंतातला रथोत्सव ह्याच दोन दिवशी असतो. कोरीव लाकडाचे १२ रथ. मग टोकियो. आणि मग उत्तरेला आओमोरी जिल्ह्यातलं हिरोसाकी. किल्ल्याच्या बागेत २,६०० च्या आसपास झाडं. तिथं बहर एप्रिलच्या विशीत.

परत टोकियोहून. म्हणजे विमानाचं तिकीट जाताना ओसाका, येताना टोकियो असं काढा, एकाच बुकिंगमध्ये मिळतं. उलट फेरी वाचते.

मिरज_जंक्शन | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

रेल्वेत ३४ वर्षं काढून निवृत्त झालो. मुलीकडं नागोयाला दोनदा जाऊन आलो, त्यामुळं गाडीचा विषय माझ्याकडं द्या.

सगळे सांगतील जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घ्या. थांबा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. येन म्हणजे साठ पैशांच्या आतबाहेर धरा. तुमचा प्रवास पंधरा दिवसांत विखुरलेला आहे, पास सलग सात दिवसांचा. मांडणी करून बघितली, पुरता वसूल होत नाही. पश्चिमेकडची तिकिटं सुटी काढा आणि उत्तरेच्या टप्प्याला फक्त पूर्व जपानचा प्रादेशिक पास मिळतो, त्याचा त्या वेळचा भाव बघा.

दुसरं, सामान. तोकाइदो-सान्यो ह्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर मागची जागा आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा 'ताक्क्यूबिन' वापरा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, ती दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलात हजर. आमच्या काळी पार्सल खात्यात एवढं जमलं असतं तर लोकांनी आमची पूजा केली असती.

क्योतोहून नागोया, तिथून 'हिदा' गाडीनं ताकायामा. नदीच्या काठाकाठानं गाडी जाते, खिडकी सोडू नका. टोकियोहून वर जाताना 'हायाबुसा', ताशी ३२० किलोमीटर. तिला आरक्षण सक्तीचं. शिन-आओमोरीला उतरून साध्या गाडीनं हिरोसाकी.

१ ऑक्टोबर १९६४ ला पहिली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुटली, मी तेव्हा पाळण्यात होतो. तिच्यात बसलो तेव्हा साठी ओलांडली होती. फलाटावर उभं राहून घड्याळ बघत होतो. गाडी आली त्याच मिनिटाला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही.

भडंगप्रेमी | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

काका, एक नंबर. (मिरज-सांगली पॅसेंजरची आठवण काढणार होतो, आवरतो.)

रंगपेटी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:००

तुम्ही सगळे म्हणजे! वहीत उतरवून घेतलं. ह्यांना वाचून दाखवलं. रथोत्सवाला मान हलली, रेल्वेला "बरं" आलं. मग उशी ओढून घेतली आणि म्हणाले, "पण छाटणी झाल्यावर बाग सोडून फुलं बघत फिरतोय म्हटल्यावर गाव काय म्हणेल?"

काडीकात्री (तासगाव) | ७ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

दादांना माझा निरोप द्या, मी पण बागायतदारच. हिरोसाकीला फुलं बघायला नका जाऊ. छाटणी बघायला जा.

माझा पुतण्या शेतकी कॉलेजात आहे, त्यानं हे सांगितलं तेव्हा मी अर्धा तास त्याला सोडला नव्हता. हिरोसाकी हे जपानचं सफरचंदाचं गाव. जपानात म्हण आहे, साकुरा छाटतो तो मूर्ख आणि उमे, म्हणजे त्यांचा आलुबुखारा, छाटत नाही तोही मूर्ख. कारण साकुरेला कात्री लागली की जखमेतून कुज शिरते. पण हिरोसाकीच्या माळ्यांनी ही म्हण मोडली. सफरचंदाला जशी करतात तशी छाटणी त्यांनी साकुरेवर केली, जखमेला लेप लावला, आणि झाडं म्हातारी व्हायच्या ऐवजी भरभरून फुलायला लागली. ही नेहमीची जात एरवी साठ-सत्तर वर्षांत थकते म्हणतात, तिथं शंभरी ओलांडलेली झाडं आहेत. एक तर १८८२ साली लावलेलं.

आणि अजून एक. ह्या नेहमीच्या जातीचं नाव सोमेई योशिनो, ती सगळीकडं कलमाचीच. एका झाडाची सगळी लेकरं. म्हणून एका गावातली झाडं एकदम फुलतात. आपण द्राक्षात डॉगरिजच्या खुंटावर सोनाका जातीचं कलम भरतो तसंच की. दादांना विचारा, आता गाव काय म्हणेल?

रंगपेटी | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

वाचून दाखवलं. चहाचा कप तसाच हातात. विचारलं, "लेप कसला लावतात?"

मंडळी, काम झालं.

वारणेचं_पाणी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

माळकऱ्यांच्या पोटाचं बघूया, मी दोन वर्षं ओसाकात होते, शाकाहारी. जपानात मांस टाळणं सोपं, मासळी टाळणं कठीण. 'दाशी' म्हणून एक रस असतो, बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा. सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाजी शिजवायला, सगळीकडं तोच. भाजी म्हणून समोर आलेला टोफूसुद्धा त्यातलाच निघतो. "मांस नाही" म्हणून भागत नाही, "दाशीसुद्धा नको" असं जपानीत कार्डावर लिहून दाखवा.

देवळांतलं 'शोजिन र्‍योरी' मात्र डोळे मिटून. भिक्षूंचं जेवण, मासमासळी नाही, कांदा-लसूणही नाही. आमच्या शेजारच्या जैन काकूंनी दोन वेळा मागून खाल्लं. क्योतोत बऱ्याच ठिकाणी मिळतं, बुकिंग आधी करा.

एकादशी आली तर भाजलेलं रताळं, 'याकी-इमो'. सुपरमार्केटच्या दाराशीच गरम भट्टीत ठेवलेलं असतं, मधासारखं गोड. दादा खूश होतील. बाकी दशम्या, मेतकूट, भडंग बरोबर न्या. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

डॉक्टर_गावभाग | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

औषधांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या, चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात न्या. तेवढ्याला वेगळी परवानगी लागत नाही. पण सर्दीच्या गोळ्या निवडून न्या. ज्यात सुडोएफेड्रिन दहा टक्क्यांच्या वर आहे त्या जपानात चालत नाहीत, आणि कोडिनच्या खोकल्याच्या औषधालाही मर्यादा आहे. आपल्याकडं लोक ह्या गोळ्या खिशात घालूनच फिरतात. घरातलं औषधाचं डबडं उचलून बॅगेत टाकू नका.

सज्जनगड_पायरी | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

व्हिसाचं : एका वेळच्या प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. म्हणून डिसेंबरात घाई करू नका, फेब्रुवारीत अर्ज करा. बँकेचं स्टेटमेंट, रिटर्न, रोजचा कार्यक्रम एका कागदावर. शेतीचं उत्पन्न असलं की रिटर्नमध्ये रक्कम कमी दिसते, म्हणून सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या जोडा आणि एक साधं पत्र लिहा. आमच्या मेव्हण्यांचं तसं झालं होतं.

आयर्विनवाला | ८ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ताकायामाच्या रथोत्सवाला गावातल्या खोल्या कधीच संपतात. पंधरा मिनिटांवर हिदा-फुरुकावा आहे, तिथं बघा. आणि हे आधीच सांगून ठेवतो : पाऊस आला तर रथ बाहेर काढत नाहीत. जुनं लाकूड, लाख, सोन्याचा मुलामा, भिजवायचा नाही.

एक सांगलीकर म्हणून राहवत नाही म्हणून. क्योतोत 'कांगिदान' नावाची मिठाई मिळते. कणकेची पुरचुंडी, वर आठ चुण्या, आत गोड सारण, तिळाच्या तेलात तळलेली. ती कांगितेन देवाला दाखवतात. कांगितेन म्हणजे आपले गणपती. चीनमधून तिकडं गेलेले, बहुतेक देवळांत मूर्ती झाकलेली असते, दर्शन नाही. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा इथं त्यांचं देऊळ आहे, तिथं नैवेद्याला मुळा देतात. पांढरा, मांडीएवढा.

भडंगप्रेमी | ८ नोव्हेंबर, दुपारी २:२५

बाप्पाला मुळा?? गणपती पेठेत कळलं तर मोर्चा निघेल.

रंगपेटी | १९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

धागा वर काढतेय. व्हिसा आला. तिकीट मुंबईहून, जाताना ओसाका. फुरुकावात खोली मिळाली. माल अजून झाडावर आहे, दर बरा आहे, हे खुशीत आहेत. रोज रात्री फोनवर सफरचंदाच्या छाटणीचे जपानी व्हिडिओ बघतात. भाषा कळत नाही, पण मध्येच "हां, बरोबर" म्हणतात.

काडीकात्री | २० फेब्रुवारी, सकाळी ६:१०

दादांना म्हणावं परत आल्यावर गाठ घ्या. चहा माझ्याकडं.

रंगपेटी | १ मे, रात्री ९:३०

आलो! हा वृत्तान्त लांबेल. सगळं सांगत बसत नाही, फोटो दुसऱ्या धाग्यात टाकीन.

सुरुवातच मुंबईच्या विमानतळावर. तपासणीत ह्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून छाटणीची कात्री निघाली. सवयीनं ठेवलेली! तिथल्या मुलीनं ती वर धरून विचारलं, "काका, हे काय?" हे म्हणाले, "कात्री." ती म्हणाली, "ते दिसतंय." अठरा वर्षं वापरलेली कात्री तिथल्या डब्यात पडली. पुढं ओसाकापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, झाली आपली पंचविशी.

क्योतोत थंडी आणि भुरभुर पाऊस. कालव्याकाठची झाडं हिरवी झालेली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण निन्नाजीत गेलो आणि आयर्विनवाल्या भाऊंची आठवण काढली. झाडं माझ्या उंचीची, फुलं तोंडासमोर, मागं पाच मजली पॅगोडा. तिथं मी दीड तास बसून चित्र काढलं. पावसाचे दोन थेंब रंगावर पडले ते तसेच ठेवलेत. कांगिदान खाल्ला. दातानं फोडावा लागतो, आणि आतल्या मसाल्याचा वास थेट देवघरातला. हे म्हणाले, "मोदकाचा चुलतभाऊ."

योशिनोला गेलोच नाही. पाय दुखत होते. हॉटेलात झोपलो, आणि तोही एक चांगला दिवस होता.

ताकायामात १४ ला पाऊस! रथ बाहेर नाहीत. पण रथांची उंच अरुंद घरं असतात, त्यांचे दरवाजे उघडून ठेवले होते. मग आम्ही घरोघरी गेल्यासारखे एकेका रथासमोर उभे. गर्दी पांगलेली, त्यामुळं कोरीव काम अगदी जवळून बघता आलं. एका म्हाताऱ्या बाबांनी ह्यांना खुणेनं चाक दाखवलं, ह्यांनी फोनवर तासगावचा रथ दाखवला, दोरखंड ओढणारी माणसं दाखवली. बाबांनी हातानं विचारलं, किती माणसं? ह्यांनी दोन्ही हात पसरले. पंधरा मिनिटं दोघांचं चाललं होतं, शब्द एक नाही.

टोकियो मोठं आहे. एवढंच लिहिते. मात्सुचियामाला मुळा वाहिला.

आणि हिरोसाकी. २१ ला पोचलो. बहर होऊन दोन-तीन दिवस झालेले, वारा सुटलेला, आणि बाहेरच्या खंदकात पाणी दिसतच नव्हतं. पाकळ्यांचा जाड थर, इकडून तिकडं. बदक गेलं की मागं काळी रेघ उमटायची आणि मिटायची. त्याला तिथं 'हानाइकादा' म्हणतात, फुलांचा तराफा. माझ्या कॅलेंडरचं पान. पूल मात्र लाल होता, चित्रात साध्या लाकडाचा आहे.

मी काठावर बसले. हे झाडाकडं. एकेका खोडाला हात लावून बघत होते, कट कुठं घेतलाय, किती तिरका, लेप कुठवर. एका जुन्या झाडाखाली खूप वेळ थांबले. मग येऊन शेजारी बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एवढी फुलं, आणि फळ एक नाही."

मी म्हटलं, मग?

म्हणाले, "तरी एवढी निगा राखतात."

काडीकात्री | १ मे, रात्री १०:०२

फळ नाही कारण सगळी एकाच कलमाची, आपसांत फळधारणा होत नाही. दादांना सांगा. बाकी वाचून अंगावर काटा आला. कट कुठं घेतात ते सविस्तर लिहा की.

रंगपेटी | २ मे, रात्री ९:१०

हा प्रश्न तुमच्या दादांनाच द्यावा म्हणून मोबाईल त्यांच्या हातात दिलाय. पुढचं त्यांचं :

नमस्कार. फांदी बुडाशी जिथं सुरकुतते तिथं कट. खुंटी ठेवत नाहीत. वर राखाडी लेप. वरच्या फांद्या विरळ करून आत ऊन जाईल असं बघतात, म्हणून खालच्या फांदीला पण फुलं. जुनं खोड पोकळ झालं तरी बाजूनं नवी फांदी धरून झाड चालू ठेवलंय. आपल्याकडं वीस वर्षांची बाग आपण उपटतो. बघून विचारात पडलो. हिरोसाकीत सफरचंदाच्या छाटणीच्या कात्र्या हातानं घडवणारे लोहार हायेत. एक घेतली. महाग पडली. किंमत हिला सांगितली नाही. वापस येताना मोठ्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून. विरळणीला काढली नाही. ऑक्टोबर छाटणीला काढीन.

भडंगप्रेमी | २ मे, रात्री ९:२२

दादा, एक दिवस उसनी मिळेल का?

रंगपेटी | २ मे, रात्री ९:२५

नाही म्हणताहेत. भावालाही दिली नाही.

(आणि किंमत मला माहीत आहे. पावती मोज्यातच होती.)